पाच सामन्यांचा हंगाम

शनिवार, ९ नोव्हेंबर १९१८. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात करमणुकीवरची बंदी पाच आठवड्यांनी उठली होती. नाटकगृहांची आणि दारूच्या गुत्त्यांची दारं पुन्हा उघडत होती. त्याच दिवशी युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्गचा, लोकांच्या तोंडी नुसत्या ‘पिट’चा, फुटबॉल संघ हंगामातला पहिला सामना खेळायला उतरला. तेव्हा एरवी अमेरिकेतल्या कॉलेजांचा फुटबॉल सप्टेंबरच्या अखेरीस सुरू व्हायचा आणि नोव्हेंबर संपता संपता आटोपायचा. म्हणजे इतर वर्षी हंगाम उरकत यायचा, त्या सुमारास पिटचा श्रीगणेशा होत होता.

पुढच्या तीन आठवड्यांत हा संघ पाच सामने खेळला. चार जिंकला, एक हरला. आदल्या वर्षी याच संघाने दहा सामने खेळून दहाही जिंकले होते, तरी राष्ट्रीय विजेतेपद दुसऱ्यांच्या पदरात पडलं होतं. निम्म्या सामन्यांच्या आणि एक पराभव लागलेल्या १९१८ च्या हंगामाने मात्र पिटला ते मिळवून दिलं. यातली गंमत कळायची तर आधी खेळ, मग साथ आणि मग युद्ध, असं तिन्ही पाहावं लागतं.

खेळाचं थोडक्यात सांगून टाकू. हा आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. चेंडू लंबगोल, तो हातात घेऊन पळायचं किंवा पुढे फेकायचा. अकरा-अकरा जणांचे संघ. दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. तेवढ्यात जमलं नाही तर चेंडू समोरच्याकडे जातो. म्हणून बहुतेक वेळा चौथ्या संधीला चेंडू लाथेने लांब धाडून देतात, त्याला पंट म्हणतात. प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार चेंडू नेला की टचडाऊन, त्याचे सहा गुण. खांबांमधून लाथेने मारलेल्या फील्ड गोलचे तीन. १९१८ साली हे गुण आजच्यासारखेच होते. फरक होता तो माणसांत. तेव्हा तेच अकरा जण चढाईही करत आणि बचावही. शिरस्त्राण कातड्याचं, तेही घातलंच पाहिजे असं नव्हे. आज संघात शंभरावर खेळाडू असतात. तेव्हा दोन-तीन जण तापाने आडवे झाले की संघ खिळखिळा व्हायचा.

आणि त्या वर्षी ताप होता तो इन्फ्लुएंझाचा. जून १९१८ मध्ये हीच साथ मुंबईच्या गोदीतून आत शिरली. महाराष्ट्राने तिला मानमोडी म्हटलं. सप्टेंबर-ऑक्टोबरातली तिची दुसरी लाट भयंकर होती. मुंबईत ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. साधारण त्याच आठवड्यात ती पेनसिल्व्हेनिया राज्यात थैमान घालत होती. २८ सप्टेंबरला फिलाडेल्फियात युद्धकर्जाच्या रोख्यांसाठी मिरवणूक निघाली, रस्त्यावर दोन लाख लोक जमले, आणि दोन-चार दिवसांत शहरातली रुग्णालयं भरून गेली. राज्याच्या आरोग्य खात्याने ऑक्टोबरच्या सुरुवातीला गुत्ते, नाटकगृहं, करमणुकीची सगळी ठिकाणं बंद करायचा हुकूम काढला. पिट्सबर्गही त्यात आलं.

पिट्सबर्ग हे पोलादाचं शहर. भट्ट्या, कोळसा, धूर, दाटीवाटीच्या मजूरवस्त्या. शाळा बंद करायलाही तिथे ऑक्टोबरचा उत्तरार्ध उजाडला. महापौर एडवर्ड बॅबकॉक आणि राज्याचं आरोग्य खातं यांच्यात बंदी कधी उठवायची यावरून जाहीर जुंपली. गुत्तेवाल्यांचा धंदा बुडत होता आणि त्यांचा आवाज मोठा होता. पुढे २००७ साली संशोधकांनी त्रेचाळीस अमेरिकी शहरांचे आकडे ताडून पाहिले. चोवीस आठवड्यांत लाखामागे जादा मृत्यूंचं प्रमाण सर्वांत वाईट कुठे, तर पिट्सबर्गमध्ये, ८०७. मिरवणुकीसाठी बदनाम झालेलं फिलाडेल्फियासुद्धा ७४८ वर होतं. वेळीच दारं लावून घेतलेल्या सेंट लुईसमध्ये हाच आकडा ३५८.

या साथीचं एक विचित्र लक्षण होतं. एरवीचा फ्लू म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना नेतो; हा वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांना नेत होता. कॉलेजच्या फुटबॉलपटूंचं वय नेमकं त्या पट्ट्याच्या उंबरठ्यावरचं. तेव्हा ऑक्टोबरचे सामने रद्द झाले यात नवल नाही. शेजारच्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने तर त्या वर्षी संघच उतरवला नाही.

सगळा दोष साथीच्या माथी मारला तर मात्र चित्र अर्धवट राहील. अमेरिका युद्धात होती. लष्करभरतीचं वय ऑगस्टअखेर अठरावर आणलेलं होतं, आणि १ ऑक्टोबर १९१८ पासून देशभरातल्या कॉलेजांत विद्यार्थ्यांची लष्करी प्रशिक्षण तुकडी सुरू झाली होती. पोरं वर्गात बसायची ती गणवेशात. सरावाला मिळणारा वेळ कवायतीतून उरलेला, आणि सामन्यासाठी लांबचा प्रवास करायला लष्कराची परवानगी लागायची. ती ऑक्टोबरात जवळजवळ नव्हतीच. एका बाजूला युद्ध खात्याला वाटत होतं की फुटबॉलने सैनिक तयार होतात, म्हणून खेळ पूर्ण बंद होऊ नये. दुसऱ्या बाजूला आरोग्य खात्याला गर्दी नको होती. पिटचा हंगाम या दोन सरकारी खात्यांच्या कात्रीत सापडला होता, आणि तसा तो एकट्या पिटचाच नव्हता.

युद्धाने एक दार उघडलंही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कॉलेजच्या मुख्य संघातून खेळता येत नसे. माणसंच कमी पडल्यामुळे हा नियम त्या वर्षी बाजूला ठेवला गेला. त्यामुळे टॉम डेव्हीज नावाचा नवखा पोरगा पिटच्या संघात आला. त्याच्याकडे लवकरच वळू.

संघाचा प्रशिक्षक होता ग्लेन वॉर्नर. कॉर्नेलमध्ये शिकताना संघातल्या इतरांपेक्षा वयाने मोठा, म्हणून सवंगड्यांनी ‘पॉप’, म्हणजे बाबा, असं नाव पाडलं, ते जन्मभर चिकटलं. आजही अमेरिकेतली लहान मुलं ज्या संघटनेच्या सामन्यांत फुटबॉल शिकतात तिचं नाव ‘पॉप वॉर्नर’च आहे. त्याने नाव कमावलं ते कार्लाइल इंडियन स्कूलमध्ये. मूळ अमेरिकी जमातींच्या मुलांना घरापासून तोडून ‘सुसंस्कृत’ करायला सरकारने काढलेली ती निवासी शाळा. तिच्या मैदानावर जिम थॉर्पसारखा खेळाडू घडला. १९१८ च्या सप्टेंबरात ती शाळा बंद झाली आणि आवारात लष्कराचं रुग्णालय आलं. वॉर्नर त्याआधीच, १९१५ मध्ये, पिटला आला होता. पहिल्या वर्षी आठपैकी आठ विजय, दुसऱ्या वर्षी आठपैकी आठ, तिसऱ्या वर्षी दहापैकी दहा. पिटमध्ये हरणं म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नव्हतं.

तरी १९१७ चे विजेते म्हणून नाव झालं ते दक्षिणेतल्या अटलांटाच्या जॉर्जिया टेकचं. तिथला प्रशिक्षक जॉन हाइजमन. आज कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी ट्रॉफी त्याच्या नावाची आहे. हाइजमनच्या पोरांना दयामाया नव्हती. १९१६ साली त्यांनी कंबरलँड नावाच्या छोट्या कॉलेजला २२२-० असं चिरडलं होतं. पिट आणि जॉर्जिया टेक कधी समोरासमोर आले नव्हते, त्यामुळे दोघांत वरचढ कोण हा वाद नुसता गप्पांतच फिरत राहिला.

१९१८ च्या आखूड हंगामात तो वाद अखेर मैदानावर उतरला. पिटने ९ नोव्हेंबरला जवळच्याच वॉशिंग्टन अँड जेफरसन कॉलेजला ३४-० ने हरवलं. दोन दिवसांनी, सोमवारी ११ तारखेला, युद्धविराम झाला आणि साथ पुरती ओसरायच्या आतच अख्खा देश रस्त्यावर येऊन नाचला. पुढच्या शनिवारी युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियाला ३७-०. आणि २३ नोव्हेंबरला पिट्सबर्गच्या फोर्ब्ज फील्डवर, एरवी बेसबॉलच्या असलेल्या मैदानावर, जॉर्जिया टेक. सामना युद्धनिधीसाठी होता, देशभरचे क्रीडापत्रकार आलेले, आणि अमेरिकन फुटबॉलचे नियम ज्याने घडवले तो वॉल्टर कँपही प्रेक्षकांत होता.

जॉर्जिया टेक त्या दिवशी मैदानात आलं तेव्हाचा त्यांचा हिशेब वाचताना डोळे विस्फारतात. ३३ सामन्यांत हार नाही. त्या हंगामात पाच सामन्यांत ४२५ गुण, आणि त्यांच्याविरुद्ध एकाचाही भोपळा फुटलेला नाही. पण आकडे उलगडून पाहिले की त्यातली हवा थोडी निघते: फरमनवर ११८-०, घोडदळाच्या एका तुकडीवर १२३-०, नॉर्थ कॅरोलायना स्टेटवर १२८-०. कवायतीतून उठून आलेल्या सैनिकांना शंभर गुणांनी झोडपणं ही ताकदीची कसोटी म्हणता येणार नाही. शिवाय आदल्या वर्षीचे त्यांचे कितीतरी मोहरे फौजेत गेले होते. तरी संघात जो गायन नावाचा, मूळ अमेरिकी ओजिब्वे जमातीचा दणकट खेळाडू होता. तो कार्लाइलमध्ये खुद्द वॉर्नरच्या हाताखाली तयार झाला होता.

त्या दिवसाची एक गोष्ट पुढे वर्षानुवर्षं सांगितली गेली. दोन्ही संघांच्या कपडे बदलायच्या खोल्यांमध्ये पातळ भिंत होती. पलीकडून हाइजमनचं भाषण स्पष्ट ऐकू येत होतं. तो नाटकातही कामं करायचा, त्यामुळे आवाज खणखणीत आणि भाषेला प्राचीन वीरांचा साज. वॉर्नरने आपल्या पोरांना गप्प बसून ते सगळं ऐकू दिलं आणि शेवटी एवढंच सुचवलं की भाषण झालंय, आता खेळायला चला. गोष्ट तिखटमीठ लागून आली असेल. पण वॉर्नरच्या कोरड्या स्वभावाला ती शोभते.

सामना पिटने ३२-० असा जिंकला. नवख्या डेव्हीजने दोनदा जॉर्जिया टेकचे पंट झेलून, सगळ्यांना चुकवत थेट शेवटच्या रेषेपलीकडे नेले. पंट परतवून टचडाऊन करणं आजही एखाद्या खेळाडूच्या वाट्याला हंगामात एकदा आलं तरी पुष्कळ. या पोराने एका दुपारी दोनदा केलं, ते देशातल्या सर्वांत दबदब्याच्या संघाविरुद्ध. कर्णधार जॉर्ज मॅक्लेरन मधली फळी फोडून यार्डामागून यार्ड खात होता. डेव्हीज आणि मॅक्लेरन दोघंही पुढे कॉलेज फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेले.

जॉर्जिया टेकच्या मैदानावरचं त्याच साथीच्या काळातलं एक छायाचित्र २०२० मध्ये जगभर फिरलं: लाकडी बाकांवर दाटीने बसलेले प्रेक्षक, कित्येकांच्या तोंडावर मास्क. पाहणाऱ्यांना त्यात शिस्त दिसली. पण मास्क लावून का होईना, खांद्याला खांदा भिडवून बसलेली ती गर्दी होती, हेही त्याच चित्रात दिसतं. युद्धनिधीसाठी लोक जमवायचे आणि साथीसाठी पांगवायचे, हा गोंधळ फिलाडेल्फियाच्या मिरवणुकीपासून फोर्ब्ज फील्डपर्यंत सगळीकडे होता.

पिटचा पुढचा सामना २८ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी, पेन स्टेटशी. २८-६. हंगामात पिटविरुद्ध कुणाचे गुण झाले ते त्या दिवशी पहिल्यांदा. विश्रांतीला एक दिवस मिळाला, आणि शनिवारी ३० तारखेला संघ ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडला नौदलाच्या राखीव तुकडीशी खेळायला हजर. अशा लष्करी संघांना त्या वर्षी हलक्यात घेण्याची सोय नव्हती. देशभरच्या कॉलेजांतले तयार खेळाडू गणवेशात एकत्र आलेले. कॉलेजवाल्यांकडे मात्र उरलेली पोरं. १ जानेवारी १९१९ चा मानाचा ‘रोझ बोल’ सामनासुद्धा दोन लष्करी संघांतच झाला आणि ग्रेट लेक्सच्या नौदल केंद्राने मेअर आयलंडच्या मरीन सैनिकांना १७-० ने हरवलं. त्या विजेत्या संघातला जॉर्ज हॅलस पुढे शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाचा जनक झाला.

क्लीव्हलँडला पिट ९-१० असा हरला. शेवटच्या भागात मून ड्यूकोटने मारलेल्या फील्ड गोलने एका गुणाचा फरक पडला. वॉर्नरचा पिटमधला हा पहिला पराभव, तीस विजयांनंतरचा. त्याचं म्हणणं असं की संघ लुटला गेला. वेळ मोजणाऱ्याचं घड्याळ बंद पडलं होतं. पंचांनी पूर्वार्ध मध्येच, पिट गुण करायच्या बेतात असताना संपवला आणि उत्तरार्धात नौदलाला आघाडी मिळेपर्यंत खेळ लांबवला. काही वार्ताहरांनीही त्याची री ओढली. पंचांची लबाडी होती की नुसता गलथानपणा, हे शंभर वर्षांनी ठरवता येत नाही. दोन दिवसांपूर्वी एक सामना खेळून, त्याच अकरा जणांना पुन्हा उतरवून, निवडक सैनिकांशी एका गुणाने हरणं ही लाजिरवाणी हार मात्र नव्हे.

पाच सामन्यांत १४० गुण केले, १६ दिले. हंगाम संपला.

मग विजेते कोण? तेव्हा कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा नव्हती, गुणतक्ता नव्हता, एपी या वृत्तसंस्थेचं नियमित मतदानही नव्हतं. ते आलं १९३६ मध्ये. जुन्या वर्षांचे विजेते पुढे निरनिराळ्या संस्थांनी आणि आकडेतज्ज्ञांनी मागाहून ठरवले. १९१८ साठी हेल्म्स या संस्थेने पिटला निवडलं. रिचर्ड बिलिंग्जली या अभ्यासकाच्या गणिताने मिशिगनला. मिशिगनचा हंगामही पाचच सामन्यांचा: ५ ऑक्टोबरला एक, मग साथीमुळे महिनाभर शुकशुकाट, मग नोव्हेंबरात चार. पाचही जिंकले, ९६ गुण केले, सहा दिले. आणि टेक्सास विद्यापीठ तर नऊपैकी नऊ सामने जिंकून बसलं होतं. त्याला फारसं कुणी विचारलंच नाही.

सामन्यांची संख्याच कसोटी मानली तर टेक्सासचा हक्क पहिला. अपराजित राहणं कसोटी मानलं तर त्याच्याबरोबर मिशिगनचाही. पिटच्या बाजूने एकच गोष्ट होती, २३ नोव्हेंबरची दुपार. देशातल्या दोन सर्वांत गाजलेल्या संघांपैकी एकाने दुसऱ्याला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नमवलं होतं. एरवीच्या दहा सामन्यांत तीन-चार दुबळ्या कॉलेजांशी असतात, अंग मोकळं करायला. साथीने पिटचे ऑक्टोबरातले सामने गिळले, आणि जे उरले त्यात लुटुपुटूचं फारसं काही नव्हतं. त्यामुळे आखूड हंगामातला एक पराभव सोसूनही पिटचा दावा पोकळ वाटत नाही. आज पिट आपल्या नऊ राष्ट्रीय विजेतेपदांत १९१८ धरतं आणि मिशिगन आपल्या बारांत.

३० नोव्हेंबर १९१८ लाच, पिट क्लीव्हलँडला हरत होतं तेव्हा, त्याच ओहायो राज्यात कोलंबसला मिशिगनने ओहायो स्टेटला १४-० ने हरवलं. या दोघांचा सामना मध्यंतरी काही वर्षं बंद होता, तो त्या साथीच्या वर्षी पुन्हा सुरू झाला आणि मग दरवर्षी होतच राहिला. महामंदी आली, दुसरं महायुद्ध झालं, तरी खंड पडला नाही. खंड पडला तो थेट २०२० मध्ये, पुढच्या महासाथीने.

कोविडच्या त्या वर्षी आपल्याकडे रणजी करंडक रद्द झाला, १९३४-३५ पासून पहिल्यांदाच. अमेरिकेत ११ ऑगस्टला ‘बिग टेन’ या कॉलेजगटाने फुटबॉल पुढे ढकलला. ओहायो स्टेटचा जस्टिन फील्ड्स याने हंगाम परत सुरू करा म्हणून काढलेल्या अर्जावर तीन लाखांच्या आसपास सह्या झाल्या. १६ सप्टेंबरला निर्णय फिरला: रोज चाचणी, बाधित खेळाडू किमान एकवीस दिवस बाहेर, हृदयाची तपासणी, आणि ऑक्टोबरअखेर सामने सुरू. १९१८ मध्ये यातलं काहीच हाताशी नव्हतं. पण एवढं सगळं असूनही २०२० मध्ये सामने रद्द होत राहिले. ओहायो स्टेटचा मेरीलँडशी सामना समोरच्या संघात बाधित निघाल्याने रद्द, इलिनॉयशी स्वतःच्या संघात निघाल्याने रद्द. प्रशिक्षक रायन डे यांनाच लागण झाली आणि एका सामन्याला ते घरी राहिले. शेवटी मिशिगनमध्ये बाधित वाढले आणि १९१८ पासूनची ती साखळी तुटली.

ओहायो स्टेटच्या नावावर पाच सामने, पाच विजय. आणि गटाचा अंतिम सामना खेळायला किमान सहा सामन्यांची अट. बिग टेनने ९ डिसेंबरला ती अट काढून टाकली. आपल्या लाडक्या संघासाठी नियम वाकवला, अशी ओरड झाली, आणि ती अगदीच निराधार नव्हती. ओहायो स्टेटने नॉर्थवेस्टर्नला २२-१० ने हरवलं आणि राष्ट्रीय विजेतेपदासाठी झुंजणाऱ्या पहिल्या चारांत जागा मिळवली. क्लेमसनचे प्रशिक्षक डॅबो स्विनी यांनी प्रशिक्षकांच्या मतदानात त्यांना अकरावं स्थान दिलं. सहा सामने खेळलेला संघ दहा-अकरा खेळलेल्यांच्या रांगेत बसवायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. तत्त्व म्हणून ते ठीक होतं. पण १ जानेवारी २०२१ ला उपांत्य सामन्यात गाठ पडली ती याच दोघांची, आणि फील्ड्सने सहा टचडाऊन पास फेकून क्लेमसनला ४९-२८ असं घरी पाठवलं.

दहा दिवसांनी अंतिम सामन्यात अलाबामाने ओहायो स्टेटला ५२-२४ ने लोळवलं. अलाबामा त्या हंगामात तेरा सामने खेळून तेराही जिंकलं, त्यामुळे विजेते कोण यावर या वेळी वाद उरला नाही. मिशिगनशी राहून गेलेली झुंज २७ नोव्हेंबर २०२१ ला अॅन आर्बरच्या भरलेल्या मैदानावर झाली आणि मिशिगनने ती ४२-२७ अशी जिंकली.